वनस्पतीपेशीची रचना आणि तिचं काम: खान्देशातल्या पिकांवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीपासून बारावीपर्यंत पेशीची तीच आकृती दरवर्षी थोडी मोठी होत जाते. मुलं ती बाणांसकट पाठ करतात. पण केळीच्या बागेत उभं करून "यात रिक्तिका (पेशीतली पाण्याची पिशवी) कुठे काम करते, दाखव" म्हटलं की गप्प होतात. खालचे प्रश्न रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या, चोपडा-अमळनेरच्या कापूसपट्ट्यातल्या आणि नंदुरबारकडच्या मुलांनी, आणि बऱ्याचदा त्यांच्या पालकांनी विचारलेले आहेत. म्हणून उत्तरंही शेतातूनच दिली आहेत. नावं मात्र पाठ्यपुस्तकातलीच ठेवली, म्हणजे परीक्षेत अडचण नको.

पुस्तकातली वनस्पतीपेशीची आकृती खरी असते का?

तशी पेशी कुठल्याही झाडात सापडत नाही. आकृतीत सगळी अंगकं, म्हणजे पेशीचे छोटे अवयव, एकाच चौकोनात बसवलेली असतात, कारण ती एका पानावर शिकवायची असतात. झाडात मात्र ज्या पेशीला जे काम, तेवढंच सामान तिच्याजवळ असतं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीत हरितलवकं नसतात. तिला अन्न तयार करायचंच नसतं, ते पातीचं काम. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिनीच्या पेशीत केंद्रक नसतं, पेशीद्रव्य नसतं, काहीच नसतं. ती मेलेली असते आणि मेल्यावरच कामाला लागते. रसवाहिनीतली चाळणनलिका जिवंत असते, पण तिनेही वाट मोकळी करण्यासाठी केंद्रक सोडून दिलेलं असतं. तिचा कारभार शेजारची सहपेशी बघते.

रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात जे पाहिलं तेही मेलेल्या पेशींचे कोरडे कप्पेच होते. आत काही असतं हे नंतर कळत गेलं. केंद्रकाला नाव मिळालं ते 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. सगळ्या वनस्पती पेशींच्याच बनलेल्या आहेत असं श्लायडेनने 1838 मध्ये मांडलं. म्हणजे पेशीचं कवच आधी दिसलं आणि आतलं जग दीड-दोनशे वर्षांनी.

तेव्हा आकृती पाठ करा, पण प्रत्येक पेशीपुढे एक प्रश्न उभा करा: हिला काम काय, आणि त्यासाठी हिने काय ठेवलं, काय टाकून दिलं? माझ्या मते या सगळ्या धड्याचा गाभा एवढाच आहे. बाकीचा तपशील त्याच्या मागून येतो.

प्राणीपेशीपेक्षा वेगळं काय, हे दोन ओळींत सांगाल?

पेशीभित्तिका (बाहेरची कडक भिंत), लवकं (अन्न करणारी, साठवणारी किंवा रंग धरणारी अंगकं) आणि मोठी रिक्तिका. झाडाला ऊन लागलं तर सावलीत जाता येत नाही, भूक लागली तर हिंडता येत नाही, म्हणून आधार, अन्न आणि पाण्याचा साठा हे सगळं पेशीलाच जागेवर सांभाळावं लागतं. तंतुकणिका, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, दोघांतही असतात. "झाडात हरितलवक, प्राण्यात तंतुकणिका" असं लिहून गुण घालवणारी मुलं दरवर्षी भेटतात.

केळीला खरं खोडच नसतं म्हणतात. मग ती एवढा जड घड पेलते कशी?

जमिनीवर दिसणारा केळीचा खांब म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांच्या देठांचे रुंद तळभाग. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. निसवणीच्या वेळी त्याचाच दांडा खांबाच्या मधून वर चढतो आणि त्याला घड लागतो. या खांबात आंब्याच्या झाडासारखं लाकूड नावालाही नसतं. तरी तो उभा राहतो, याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही पेशीत आहेत.

पहिलं कारण पाणी. खांबातल्या मूलऊतीच्या (साध्या, मऊ भरणाच्या) पेशी मोठ्या, पातळ भिंतीच्या असतात आणि त्यांच्यातली बहुतेक जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. रिक्तिकेत क्षार आणि शर्करा साठलेली असल्यामुळे परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणातून पडद्यापलीकडच्या दाट द्रावणाकडे, पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगते, पण बाहेरची भित्तिका तिला एका हद्दीपुढे फुगू देत नाही. हवा भरलेली सायकलची ट्यूब टायरच्या आत जशी टणक होते, तशी ती पेशी ताठ होते. अशा लाखो ताठ पेशी एकमेकींना रेटून उभ्या असतात. पाण्याची पाळी चुकली की हा दाब उतरतो आणि बाग मलूल दिसते.

दुसरं कारण धागे. देठाच्या बाहेरच्या बाजूला, वाहिन्यांच्या जुडग्यांना लागून दृढऊतीचे लांबट, जाड भिंतीचे तंतू असतात. केळीचा खांब यंत्रात घालून जो धागा काढतात तो हाच.

तिसरं कारण मुलांना सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते विळ्याने कापून लगेच बघता येतं. घड उतरवल्यानंतर पडलेल्या खांबाचा एक देठ वेगळा करा आणि आडवा कापा. आत ओळीने पोकळ कप्पे दिसतील. आता दुसरा तुकडा उभा चिरा. त्याच पोकळीत थोड्या थोड्या अंतरावर नाजूक, पांढरे आडवे पडदे लावलेले दिसतील. ही वायूऊती, म्हणजे हवेच्या पोकळ्यांची ऊती. भरीव देठ केला असता तर तेवढ्याच ताकदीसाठी झाडाला कितीतरी जास्त माल लागला असता. कप्प्यांमुळे वजन वाचलं, पडद्यांमुळे देठ चेपला जात नाही, आणि हवाही खाली पोचते.

एवढी रचना असूनही मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, कारण तो ताण बाजूने येतो आणि वरती घडाचं वजन असतं. पान मात्र आडव्या शिरांमधून फाटून वारा सोडून देतं. चिरफाळलेलं पान बघून वाईट वाटतं खरं, पण ते अखंड राहिलं असतं तर शिडासारखा वारा धरून झाड लवकर मोडलं असतं.

भर दुपारी केळीचं पान मध्यशिरेवर का मिटतं? तेव्हा पाणी द्यावं का?

मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना मोठ्या, पातळ भिंतीच्या पेशींचा पट्टा असतो. पाणी भरपूर असताना तो ताठ राहतो आणि पानाचे दोन भाग आडवे पसरलेले असतात. जळगावकडे पारा 44-45 अंशांवर गेला की पानातून उडणारं पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होतं, या पट्ट्यातला दाब उतरतो आणि दोन्ही भाग खाली झुकतात. ऊन कमी लागतं. दुपारी मिटलेलं पान संध्याकाळी उघडत असेल तर झाड आपलं आपण सांभाळतंय. सकाळीही मिटलेलंच दिसलं तर ठिबक तपासा.

इथेच पर्णरंध्रांचं, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचं, बघून घेऊ. केळीत ती पानाच्या खालच्या बाजूला कितीतरी जास्त असतात, म्हणजे उन्हापासून लपलेली. प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशींची भिंत सारख्या जाडीची नसते. रंध्राकडची बाजू जाड, बाहेरची पातळ. शिवाय भित्तिकेतले सेल्युलोजचे धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, त्यामुळे पेशी जाड होऊ शकत नाही, लांबच होते. दोन्ही टोकं बांधलेली असताना लांब व्हायचं तर वाकण्यावाचून इलाज नाही. दोन्ही पेशी बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मध्ये फट पडते. पोटॅशियमचे आयन आत घेतले की पाणी मागोमाग येतं, रंध्र उघडतं. आयन बाहेर गेले की मिटतं. पोटॅश कमी पडलेलं पीक उन्हात लवकर का कोमेजतं, त्याचं एक कारण हे.

कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी, हे खरं आहे का?

अगदी खरं. खान्देशात पेशी शिकवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, आणि पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं.

सरकीच्या बाहेरच्या सालीवर, म्हणजे बीजाच्या अपित्वचेवर, अनेक पेशी असतात. फूल उमलतं त्याच दिवशी त्यातल्या काही पेशी फुगून वर डोकं काढतात. पुढचे साधारण तीन आठवडे त्या फक्त लांब होतात. मध्ये एकदाही विभाजन नाही, नवी भिंत नाही. एक पेशी, एक केंद्रक, आणि लांबी 28 ते 30 मिलिमीटरपर्यंत. जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. म्हणजे जाडीच्या हजारपटीहून जास्त लांबी. वही उघडा आणि कांद्याच्या पेशीची आकृती बघा, मग कळेल ही केवढी गोष्ट आहे.

लांब होण्यासाठी ढकलायला दाब लागतो. तो रिक्तिकेत शर्करा, पोटॅशियम आणि मॅलेट साठवून, पाणी ओढून तयार होतो. शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या भित्तिकेतल्या सूक्ष्म वाटा या काळात काही दिवस बंदही केल्या जातात, म्हणजे दाब गळून जाऊ नये. पेशीद्रव्यात सूक्ष्मनलिका आडव्या मांडलेल्या असतात आणि सेल्युलोजचे धागे त्यांच्या रोखाने विणले जातात. त्यामुळे पेशीला बाजूला फुगायला वाव नसतो, वाढ सगळी टोकाच्या दिशेने जाते. रक्षक पेशीत पाहिलं तेच तत्त्व, काम मात्र निराळं.

लांबी भरत आली की दुसरा टप्पा. आता पेशी आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढवते. दिवस आणि रात्रीच्या तापमानाप्रमाणे थर कमीजास्त दाट पडतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याच्या आडव्या कापात कडी दिसतात. हे काम बोंड फुटेपर्यंत चालतं. शेवटी धाग्यात सुमारे 95 टक्के सेल्युलोज उरतं. एवढं शुद्ध सेल्युलोज निसर्गात दुसरीकडे क्वचितच मिळतं. मग बोंड फुटतं, पेशी वाळते, मरते, आतली पोकळी बसते आणि नळीची चपटी, पिळलेली फीत होते. तो पीळच धाग्याला धागा धरायला उपयोगी पडतो, नाहीतर सूत निघालंच नसतं.

आता शेतकऱ्याच्या कामाचं. लांब होण्याच्या काळात पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड राहतो. थर चढण्याच्या काळात झाड उपाशी राहिलं, लवकर वाळलं किंवा बोंडअळीने बोंड पोखरलं, तर लांबी असते पण भिंत पातळ, कच्ची राहते. जिनिंगवाला मूठभर रुई ओढून बघतो आणि भाव पाडतो, तेव्हा तो पेशीभित्तिकेची जाडीच मोजत असतो. त्याला तसं म्हणून दाखवू नका, भाव वाढणार नाही.

मग अंबाडीचा धागा कापसासारखा मऊ का नसतो?

कापसाच्या पेशीला आधाराचं काम नाही, ती बियाचं लोकरी आवरण आहे. तिच्यात लिग्निन, म्हणजे भिंत कडक करणारं द्रव्य, जवळजवळ नसतंच. अंबाडीचा धागा सालीतला, झाड उभं धरणारा. तो अनेक दृढऊतीच्या पेशी टोकाला टोक चिकटून बनतो आणि त्यांच्या भिंतीत लिग्निन असतं. म्हणून त्याचा दोर होतो, सदरा होत नाही.

कच्चं केळं तुरट आणि कडक, पिकलं की गोड आणि मऊ. पेशीत नेमकं काय बदलतं?

कच्च्या केळीच्या गरातल्या पेशी अवर्णलवकांनी भरलेल्या असतात, आणि त्या लवकांत स्टार्चचे कण असतात. गराच्या वजनाच्या सुमारे 20 टक्के स्टार्चच असतं. अन्न साठवायचं तर स्टार्चच का? साखर विरघळते आणि पेशीत पाणी ओढते. तेवढी साखर तशीच ठेवली तर पेशी फुगून फुटायची वेळ येईल. स्टार्चचा कण विरघळत नाही, जागच्या जागी पडून राहतो. साठ्यासाठी हा सोयीचा माल. पिकताना इथिलीन या वायूचा इशारा मिळतो, विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येऊन बाकीची साखर होते.

मऊपणा निराळ्या जागी घडतो. दोन पेशींच्या मध्ये पेक्टिनचा थर असतो, तो पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवतो. पिकताना तो विरघळतो आणि पेशी सुट्या होतात. तुरटपणा टॅनिनचा. तो चिकातल्या पेशींत असतो. एकापुढे एक असलेल्या पेशींच्या मधल्या भिंती विरून त्यांच्या नळ्या झालेल्या असतात, म्हणून घड कापला की चिक टपटप गळतो आणि सदऱ्यावर पडला की डाग काही केल्या निघत नाही. पिकल्यावर टॅनिन बांधले जातात आणि जिभेला लागत नाहीत.

रंगाचं मात्र खान्देशात खास आहे. सालीतल्या हरितलवकांतलं हरितद्रव्य मोडलं की आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. पण आपल्या जी-नाईनसारख्या वाणाच्या केळ्यात हे मोडण्याचं काम तापमान जास्त असताना अडतं. एप्रिल-मेमध्ये घरात झाकून ठेवलेलं केळं आतून पिकून गळायला येतं आणि साल हिरवटच राहते, ते यामुळे. रायपनिंग चेंबरमध्ये तापमान साधारण 15 ते 18 अंशांवर धरून इथिलीन देतात, म्हणून तिथला माल एकसारखा पिवळा निघतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. ती असायलाच हवी.

केळं फ्रिजमध्ये काळं का पडतं? आणि कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ (विषबाधा) का लागते?

दोन प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतले, कारण उत्तर एक आहे. पेशीत पटलं, म्हणजे पातळ पडदे, नुसती वेष्टनं म्हणून नसतात. ज्या दोन गोष्टी एकत्र यायला नकोत त्यांना वेगळं ठेवणं हे त्यांचं मोठं काम आहे, आणि पाठ्यपुस्तकं त्याला फारशी जागा देत नाहीत.

केळ्याच्या पेशीत फेनॉल नावाची द्रव्यं रिक्तिकेत असतात आणि त्यांना काळं करणारं विकर रिक्तिकेबाहेर. केळं उष्ण प्रदेशातलं. तापमान 13 अंशांच्या खाली राहिलं की त्याच्या पटलांतली स्निग्धद्रव्यं घट्ट होतात, पटलं गळू लागतात, दोन्ही द्रव्यं भेटतात आणि साल काळी पडते. आतला गर बऱ्याचदा चांगला असतो, टाकून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रावेरकडे बागेची वाढ थांबल्यासारखी होते, त्यातही पटलांच्या या कडकपणाचा वाटा असतो. वांगं चिरून ठेवलं की तपकिरी पडतं तेही असंच. फक्त तिथे पटल विळीने फाटतं.

ज्वारीने हीच गोष्ट शस्त्र म्हणून वापरली आहे. कोवळ्या ज्वारीच्या पानात अपित्वचेच्या पेशींच्या रिक्तिकांत धुरीन नावाचं द्रव्य असतं. ते एकटं निरुपद्रवी. त्याला फोडणारं विकर आतल्या, हरितलवकं असलेल्या पेशींत असतं. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने चावलं की पेशी चिरडतात, दोन्ही मिसळतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतो. तो जनावराच्या पेशींतल्या तंतुकणिकांचं काम बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. म्हणून जनावर धापा टाकतं आणि काही मिनिटांत कोसळतं. पावसाने ताण दिलेली गुडघ्याएवढी ज्वारी आणि कापणीनंतरचा कोवळा फुटवा सर्वांत धोक्याचा. फुलोऱ्यावर आलेली ज्वारी आणि नीट वाळवलेला कडबा यांत धोका फार कमी होतो. किराळ लागल्याची शंका आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत टोचला गेला पाहिजे.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही याच तऱ्हेने. विकर रिक्तिकेत, गंधकाची द्रव्यं बाहेर, आणि मध्ये सुरी.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो ना?

नसतो. बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्याच्या पेशी कॅप्सायसिन तयार करतात. बियांना तो लागून लागून येतो, म्हणून त्यांचं नाव होतं. नंदुरबारच्या मिरची पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असते तिचा रंग वर्णलवकांचा. हिरव्या मिरचीतली हरितलवकंच पिकताना आतली मांडणी मोडतात, हरितद्रव्य टाकतात आणि लाल रंगद्रव्य भरून वर्णलवकं होतात. अंगक तेच, काम बदललं तसं रूप बदललं. हिरवेपणी अन्न करायचं होतं, आता पाखरांना बोलवायचं आहे.

एवढ्या उन्हात ज्वारी-बाजरी-मका तग धरतात. त्यांच्या पानात वेगळं काय असतं?

पानाचा आडवा काप बघितला तर शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं दिसतं आणि त्याभोवती लहान पेशींचं दुसरं कडं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि आतल्या कड्याला देतात. आतल्या पेशींत तो सुटतो आणि तिथे साखर होते. आत त्याचं प्रमाण दाट राहतं, म्हणून रंध्रं अर्धवट मिटलेली असली तरी काम भागतं आणि पाणी वाचतं. ज्वारीच्या आतल्या कड्यातल्या हरितलवकांत पटलांच्या त्या नेहमीच्या चवडी (ग्राना) जवळजवळ नसतात, बाहेरच्या पेशींत असतात. प्राणवायू सोडणारं काम मुख्यतः चवडींत चालतं आणि साखर करणाऱ्या विकराला प्राणवायू अडथळा आणतो. म्हणून ते काम बाहेर ठेवलं. एकाच पानात, दोन पेशी शेजारी शेजारी, आणि हरितलवकं दोन तऱ्हेची. पुस्तकातली एकच एक आकृती इथे पुरी पडत नाही.

शिवाय पानाच्या वरच्या बाजूला फुगीर पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी पडलं की आधी त्या आकसतात आणि पान गुंडाळून घेतं. कापूस आणि केळीत ही दोन कड्यांची सोय नाही. त्यांना पाणीच लागतं.

पावसाच्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की हिरवीगार कपाशी एकाएकी माना टाकते. रानात पाणी असून झाड कोमेजतं कसं?

याला आकस्मिक मर म्हणतात. बुरशी शोधत बसू नका, आधी मुळांचा श्वास बघा. पाणी शोषायचं काम मूलरोम करतात. प्रत्येक मूलरोम म्हणजे अपित्वचेच्या एका पेशीचंच लांबट बोट. पातळ भिंत, मोठी रिक्तिका, वर मेणाचा थर नाही. जास्तीत जास्त माती कवेत घ्यायला याहून चांगला आकार नाही. पण क्षार आत ओढायला ऊर्जा लागते, ती तंतुकणिका देतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. आपल्या काळ्या, भारी जमिनीत पाणी तुंबलं की मातीतल्या फटींतली हवा जाते. मूलपेशींची ऊर्जा संपते, पटलातले पाण्याचे दरवाजे मिटतात आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेलं होतं. वर ऊन पडलं की पाने माना टाकतात. चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा आला की कोळपणी करून माती मोकळी करा. हे काम जितक्या लवकर तितकी झाडं वाचतात.

रासायनिक खत बुडाशी जास्त पडलं तरी झाड वाळतं, ते मात्र परासरणाने. बाहेरचं द्रावण पेशीपेक्षा दाट झालं की पाणी उलट बाहेर येतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसंच.

टिश्यू कल्चरची केळीची रोपं थेट शेतात का लावत नाहीत?

एका लहानशा तुकड्यातून हजारो रोपं होतात, कारण वनस्पतीच्या जिवंत पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता शाबूत राहू शकते. वनस्पतीशास्त्रज्ञ हाबरलांटने 1902 मध्ये तशी कल्पना मांडली होती. पण बाटलीत वाढलेल्या रोपाला ऊन, वारा, कोरडी हवा यांतलं काहीच माहीत नसतं. त्याच्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि रक्षक पेशींना रंध्रं वेळेवर मिटवता येत नाहीत. सरळ उन्हात ठेवलं तर काही तासांत वाळेल. आधी दमट हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये ते हळूहळू कणखर करतात. त्या काळात नवी पानं येतात ती पुरेशा मेणाची आणि चालत्या रंध्रांची असतात. नर्सरीतून रोप घेताना नव्या पानांची संख्या विचारायची ती म्हणूनच.

भरताचं वांगं भाजल्यावर एवढं बसतं का?

गरातल्या पेशी पातळ भिंतीच्या असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या भरपूर पोकळ्या असतात. कापसाच्या काड्यांच्या आचेवर पटलं फुटतात, पेक्टिन सुटतं, पाणी बाहेर येतं, हवा निघून जाते. वरची साल मेणचट आणि घट्ट, वाफ आत कोंडते. टोचे मारून ठेवा, नाहीतर बामणोदचं ते मोठं हिरवं वांगं चुलीत फुटतं. कच्ची फोड तळताना भरमसाट तेल पिते तेही त्याच पोकळ्यांमुळे.

परीक्षेत "रचना कार्याला अनुरूप आहे, स्पष्ट करा" असा प्रश्न आला तर उत्तर कसं लिहायचं?

रचनेचं वर्णन एका वाक्यात, आणि लगेच त्यापुढे "त्यामुळे". मूलरोम लांबट असतो, त्यामुळे मातीशी संपर्काचं क्षेत्र वाढतं. जलवाहिनीत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे पाण्याचा स्तंभ तुटत नाही. भिंतीत लिग्निन असतं, त्यामुळे ओढीने नळी चेपत नाही. "त्यामुळे" नसलेल्या वाक्याला परीक्षक निम्मे गुण देतो, आणि ते बरोबरच आहे.

प्रयोगशाळा नाही. घरी काय बघता येईल?

हिरव्या आणि पिकलेल्या केळ्याची प्रत्येकी एक चकती घ्या आणि जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब टाका. कच्ची काळी-निळी होते, पिकलेली फारशी होत नाही. पारदर्शक नेलपॉलिश पानाच्या खालच्या बाजूला लावा, वाळल्यावर चिकटपट्टीने उचला. सूक्ष्मदर्शक मिळाला तर त्यावर रंध्रांचे ठसे दिसतील. तुरीचं झाड मुळासकट हलक्या हाताने उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर तिच्या पेशींतले जिवाणू नत्र बांधण्याचं काम करत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर एक तर अजून सुरू झालेलं नाही किंवा संपलेलं आहे. सीताफळ खाताना सालीजवळचा गर दातांखाली रवाळ लागतो, त्या दगडपेशी. त्या चमच्याने खरवडून बोटांत चोळा, मग काचेवर पाण्याच्या थेंबात पसरून साध्या भिंगातून बघा. आणि सरकीवरची रुई हाताने ओढून काढताना एकच धागा वेगळा करून, काळ्या कागदावर ठेवून पट्टीने मोजा.